अर्ज कोणासाठीं लिहावयाचा?

नोकरीसाठीं अर्ज कसा लिहावा हें शाळेंत निबंधाच्या तासाला शिकविलें जातें, आणि तेथेंच तें बिघडतें, असें अनेक वर्षांच्या मास्तरकीनंतर माझें मत झालें आहे. पत्ता कोणत्या बाजूस, तारीख कोठें, 'आपला नम्र' कोठें, यांनाच गुण मिळतात. तो कागद कोण वाचणार व त्याला काय हवें आहे, हा प्रश्न मात्र विचारावयाचा राहून जातो.

हा प्रश्न ज्यानें आधीं विचारला, अशा एका अर्जदाराची हकीकत सांगतों. लिओनार्दो दा विंची याला आपण चित्रकार म्हणून ओळखतों. इ. स. १४८२ च्या सुमारास, वयाच्या तिशींत, त्यानें मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्या पदरीं राहण्यासाठीं एक पत्र तयार केलें. त्याचा मसुदा मिलानच्या आंब्रोझियाना ग्रंथालयांत आजहि आहे. त्यांत आंकडे घालून कलमें लिहिलेलीं आहेत. सहज उचलून नेतां येतील असे हलके पूल, वेढ्याच्या वेळीं खंदकांतील पाणी काढण्याची युक्ति, तोफा, भुयारें, शत्रूच्या फळींत घुसणाऱ्या झांकलेल्या गाड्या! दहावें कलम शांततेच्या काळाचें; त्यांत इमारती बांधणें व पाणी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणें. आणि चित्रकला? ती त्यानंतर, शिल्पकलेच्या पाठोपाठ, जातां जातां सांगितलेली. त्याच सुमारास मिलानचें राज्य व्हेनिसविरुद्ध युद्धांत उतरलें होतें. अशा धन्याला रंगांच्या कुंचल्यापेक्षां कशाची गरज अधिक, हें त्या तरुणानें ताडलें. लुदोविकोच्या दिवंगत पित्याच्या स्मरणार्थ कांशाचा घोडा घडविण्याची तयारीहि त्यानें दाखविली. आपल्या गुरूचें, व्हेर्रोक्किओचें, नांव मात्र त्यांत नाहीं. आणि शेवटीं तो म्हणतो कीं, यांतील कांहीं अशक्य वाटल्यास आपण सांगाल त्या जागीं प्रयोग करून दाखवितों.

आतां आपल्याकडील अर्ज पाहा. लग्नाच्या आणि नोकरीच्या, दोन्ही कागदांना आपण 'बायोडेटा' म्हणतों. त्याचा परिणाम असा कीं, पुष्कळ तरुण नोकरीच्या कागदावरहि वडिलांचा हुद्दा, भावंडांची संख्या, जात आणि 'छंद : वाचन' हें सारें लिहून मोकळे होतात. (उंची तेवढी राहते!) जाहिरातींत मागितलें नसेल तर यांतील एकहि गोष्ट लिहूं नये. प्रथम जाहिरात दोनदां वाचावी, तिच्यांतील मागण्यांखालीं रेघा ओढाव्या, आणि त्यांपैकीं ज्या आपण पुऱ्या करतों त्या कागदाच्या वरच्या अर्ध्या भागांत याव्या. अलीकडे मोठ्या कंपन्यांतून अर्जांची पहिली चाळणी पुष्कळदां संगणकच लावतो. म्हणून आपणांस खरोखर येत असलेल्या कामासाठीं जाहिरातींतलाच शब्द वापरणें शहाणपणाचें.

'मी कष्टाळू व जबाबदार आहें' हें वाक्य कोणीहि लिहितो, म्हणून तें कोणीच वाचत नाहीं. समजा, एका मुलीनें पतसंस्थेंत दोन वर्षें काम केलें. 'रोज सायंकाळीं सुमारें १५० पावत्या रोख शिलकेशीं ताडून पाहत असें' एवढें तिनें लिहिलें, तर तिचा कष्टाळूपणा वाचणाऱ्याला आपोआप दिसतो. गुणी मुलें मागें पडतात तीं येथें. काम केलेलें असतें, पण तें सांगणें म्हणजे बढाई, असा घरचा संस्कार आड येतो. बढाई आणि हिशेब यांत फरक आहे.

मुलाखत ही त्याच कागदाची उलटतपासणी होय. म्हणून जें वाक्य तोंडीं उकलून सांगतां येणार नाहीं, तें अर्जांत नसावें. आदल्या दिवशीं घरांतील कोणाच्या तरी हातीं अर्ज द्यावा आणि प्रत्येक ओळीवर 'म्हणजे नक्की काय केलेंस?' असें विचारण्यास सांगावें. 'स्वतःविषयीं सांगा' याचें उत्तर दोन मिनिटांचें असावें, आणि तें मोठ्यानें बोलून पाहावें. मनांतल्या मनांत सगळेच वक्ते असतात. शिक्षणांत खंड पडला असेल तर कारण एका वाक्यांत, न लाजतां सांगावें. मराठी माध्यमाच्या मुलांनीं पाठ केलेल्या इंग्रजी भाषणापेक्षां लहान, शुद्ध वाक्यें बोलावीं.

पालकांना एक व्यवहाराची गोष्ट. केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून 'क' गटाच्या आणि 'ब' गटांतील अराजपत्रित जागांसाठीं मुलाखती बंद केल्या आहेत. त्या जागांकरितां मुलाखतीच्या शिकवणीवर पैसे घालवूं नयेत. नागरी सेवा परीक्षेंत मात्र एकूण २०२५ गुणांपैकीं २७५ मुलाखतीचे आहेत.

अखेरीस बहुधा 'तुम्हांला कांहीं विचारावयाचें आहे काय?' असें विचारतात, आणि आपला उमेदवार 'नाहीं' म्हणून उठतो. त्यानें विचारावें, पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून कोणतें काम पुरें झालेलें आपणांस पाहावयाचें आहे? मग उत्तर नीट ऐकावें. ही नोकरी आपण पत्करावी कीं नाहीं, हें त्यावरून पुष्कळ अंशीं कळतें.