डोंगर कापून केलेलें क्रीडांगण

क्रिकेट हा सपाट भूमीवरील खेळ आहे. मध्यभागीं बावीस यार्डांची खेळपट्टी व तिच्या भोंवतीं हिरवळीचें विस्तीर्ण पटांगण, एवढी जागा डोंगराळ मुलखांत निसर्ग क्वचितच आयती देतो. तेथील क्रीडांगणाच्या शोभेचें श्रेय डोंगरांस असेल, परंतु त्याची सपाटी ही माणसाच्या श्रमांचें फळ असते. याचें उदाहरण म्हणून श्रीलंकेंतील कँडी येथील असगिरिया क्रीडांगणाची माहिती आम्ही आमच्या वाचकांस देत आहों.

कँडी शहर लंकेच्या मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ५०० मीटर उंचीवर आहे. तेथें चर्च मिशनरी सोसायटीनें १८७२ सालीं विद्यालय स्थापिलें. तेंच आजचें ट्रिनिटी कॉलेज. रेव्हरंड ए. जी. फ्रेझर हे १९०४ पासून १९२४ पर्यंत त्याचे प्राचार्य होते. त्यांच्या कारकीर्दींत डोंगराचा भाग कापून हें पटांगण तयार करण्यांत आलें व १९१५ सालीं तें खेळासाठीं खुलें झालें. शाळेच्या मुलांसाठीं केलेल्या या पटांगणावर १९८३ च्या एप्रिलमध्यें श्रीलंका व ऑस्ट्रेलिया यांचा कसोटी सामना झाला, आणि पुढें परदेशचे अनेक संघ तेथें येऊन गेले.

या पाहुण्या संघांस प्रतिपक्षाइतकीच पावसाचीही चिंता वाहावी लागे. समुद्रावरून येणारे वारे डोंगरांस अडले कीं वर चढतात, थंड होतात व पाऊस पाडतात. आपल्या सह्याद्रीवर हेंच घडतें. लंकेच्या डोंगरांस मात्र नैर्ऋत्य व ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस मिळतात. शिवाय त्या दोहोंच्या मधल्या काळांत दुपारीं गडगडाटी सरी येतात. १९९३ च्या जुलैंत भारतीय संघ येथें आला, तेव्हां पांच दिवसांच्या सामन्यांत अवघीं १२ षटकें खेळ झाला! आठ वर्षांनीं, २००१ च्या ऑगस्टमध्यें, याच पटांगणावर भारतानें ७ गडी राखून विजय मिळविला; त्यांत सौरव गांगुली यांनीं नाबाद ९८ धांवा केल्या.

डिसेंबर २००७ मधील इंग्लंडविरुद्धचा कसोटी सामना येथील शेवटचा ठरला. त्या सामन्यांत मुथय्या मुरलीधरन यांनीं ७०९ वा बळी घेऊन शेन वॉर्न यांचा विक्रम मोडला. ते कँडीचेच, व तेथील सेंट अँथनीज कॉलेज या दुसऱ्या मिशन शाळेचे विद्यार्थी. त्याच सामन्यांत ९२ व १५२ धांवा करणारे कुमार संगक्कारा हे तर ट्रिनिटीचे विद्यार्थी. आपल्याच शाळेच्या पटांगणावर ते देशासाठीं खेळले. पुढें शहराजवळ पल्लेकेले येथें नवें स्टेडियम झालें व २०१० पासून कसोटी सामने तेथें होऊं लागले. असगिरिया शाळेचेंच राहिलें.

आपल्याकडील घाटमाथ्यावरच्या कित्येक शाळांस पटांगण नाहीं. जागा उताराची आहे, असें कारण सांगण्यांत येतें. खेळांत वेळ फुकट जातो, असें मानणारे पालकही पुष्कळ आहेत. दोघांसही आमची विनंती आहे कीं, त्यांनीं असगिरियाचा विचार करावा. १९१५ सालीं ज्यांनीं तेथील माती उपसली, त्यांच्यापैकीं कोणींही २००७ चा तो दिवस पाहिला नाहीं. त्यांनीं केवळ पुढल्या मुलांसाठीं जमीन सारखी करून ठेविली. शाळा चालविणें म्हणजे तरी याहून निराळें काय आहे?