चमचाभर पेस्टमध्ये काय काय असतं?

टोमॅटोचा रस आटवला की पाणी उडतं, बाकीचं बरंचसं मागे राहतं. अमेरिकी नियमानुसार साली-बिया गाळलेल्या या गरात विद्राव्य घन घटक किमान 24 टक्के असले, तरच डब्यावर ‘पेस्ट’ असं छापता येतं.

साहजिकच आकडे फुगतात. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात 100 ग्रॅम पेस्टला सुमारे 82 कॅलरी, 4 ग्रॅम प्रथिनं, तेवढेच तंतू आणि 1,000 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम दिलेलं आहे; ताज्या टोमॅटोत हेच 18 कॅलरी आणि 237 मिलिग्रॅम. अर्थात, पेस्ट कोणी वाटीने खात नाही! 16 ग्रॅमच्या मोठ्या चमच्यात जेमतेम 13 कॅलरी येतात.

आटवताना क जीवनसत्त्वाला मात्र चांगलाच फटका बसतो.

खरी कमाई लायकोपीनची, म्हणजे टोमॅटोला लाल करणाऱ्या रंगद्रव्याची. ताज्या टोमॅटोत ते 100 ग्रॅमला अडीच मिलिग्रॅमच्या आसपास, तर पेस्टमध्ये सुमारे 29. शिवाय शिजवल्याने पेशींच्या भिंती फुटतात आणि ते मोकळं होतं. जर्मन संशोधकांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ताजे टोमॅटो आणि पेस्ट, दोन्ही मक्याच्या तेलासोबत दिले होते. पेस्टमधलं लायकोपीन रक्तात अधिक उतरलं. ते स्निग्ध पदार्थात विरघळतं, त्यामुळे पेस्ट तेलात परतून घेतलेली बरी.

विकत घेताना डब्यामागचं लेबल जरूर वाचावं. बिनमिठाच्या पेस्टमध्ये 100 ग्रॅमला सोडियम साधारण 59 मिलिग्रॅम असतं, मीठ घातलेल्या पेस्टमध्ये तब्बल 790.