परदेश प्रवासातील पैसा : रोकड, कार्ड आणि शुल्काचा हिशेब

परदेश प्रवासाचे अंदाजपत्रक आखताना विमानाचे तिकीट, हॉटेल आणि व्हिसा यांचा खर्च बारकाईने मांडला जातो. परंतु परक्या देशात पैसा हाती येण्यासाठी जी किंमत मोजावी लागते, तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष परतल्यानंतर, बँकेचे विवरणपत्र पाहतानाच जाते. अनेक वर्षे बचत करून एखाद्या परदेश सहलीला निघणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबासाठी ही रक्कम किरकोळ नसते. शिक्षणासाठी प्रथमच बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याची तर सुरुवातीच्या काही आठवड्यांची सारी मदार याच पैशावर असते. रोकड किती न्यावी, कोणते कार्ड कोठे वापरावे आणि शुल्क नेमके कोठे आकारले जाते, याची माहिती प्रवासापूर्वीच करून घेणे म्हणूनच हिताचे ठरते.

नियम काय सांगतात?

परकीय चलनावर कडक निर्बंध घालणाऱ्या १९७३ च्या ‘फेरा’ कायद्याची जागा १ जून २००० पासून ‘फेमा’ कायद्याने घेतली. त्यानंतर फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना सुरू केली. प्रारंभी या योजनेची मर्यादा २५ हजार डॉलर होती. आता निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परकीय चलन खर्च करता येते अथवा बाहेर पाठवता येते. प्रवासासाठी घेतलेली रोकड, प्रीपेड फॉरेक्स कार्ड आणि डेबिट कार्डावरील खर्च या मर्यादेत मोजला जातो. क्रेडिट कार्डाचा परदेशातील खर्चही या योजनेत आणण्याचा निर्णय मे २०२३ मध्ये झाला होता. मात्र त्याची अंमलबजावणी त्याच वर्षी जूनअखेर पुढे ढकलण्यात आली.

रोख नोटांवर स्वतंत्र मर्यादा आहे. बहुतेक देशांच्या प्रवासासाठी प्रत्येक फेरीला तीन हजार डॉलर किंवा तेवढ्या मूल्याच्या अन्य परकीय नोटा नेता येतात. इराक आणि लिबिया या देशांसाठी ही मर्यादा पाच हजार डॉलर आहे. उरलेली रक्कम कार्डाच्या किंवा तत्सम अन्य स्वरूपात न्यावी लागते. प्रवासाच्या तारखेपूर्वी ६० दिवसांच्या आत परकीय चलन विकत घेता येते. चलनाची किंमत ५० हजार रुपयांहून अधिक असल्यास ती रोखीने देता येत नाही. धनादेश, कार्ड अथवा बँक खात्यातूनच द्यावी लागते. भारतीय रुपयांच्या नोटा २५ हजार रुपयांपर्यंत सोबत ठेवता येतात. परतल्यावर विमानतळावरून घरी पोहोचण्यासाठी त्यांतील थोडी रक्कम उपयोगी पडते.

एका आर्थिक वर्षात प्रवासासाठी घेतलेले परकीय चलन ठरावीक रकमेच्या पुढे गेल्यास बँक ‘टीसीएस’ म्हणजे स्रोतावरील करसंकलन करते. ही रक्कम १ एप्रिल २०२५ पासून सात लाखांवरून दहा लाख रुपये करण्यात आली असून त्यावरील रकमेवर २० टक्के दर लागू करण्यात आला आहे. सहल कंपन्यांच्या एकत्रित पॅकेजचे दर वेगळे असतात. हा खर्च नव्हे, तर आगाऊ भरलेला कर आहे. प्राप्तिकर विवरणपत्र भरताना त्याचे समायोजन होते किंवा परतावा मिळतो. तोपर्यंत मात्र तेवढा पैसा अडकून राहतो, हे विसरून चालत नाही.

एटीएममधून पैसे काढण्याचा खरा खर्च

परदेशातील एटीएममधून पैसे काढताना साधारणतः चार प्रकारे आकारणी होते. ज्या बँकेचे यंत्र असते ती स्थानिक बँक आपले शुल्क घेते. कार्ड देणारी भारतीय बँक प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक रक्कम घेते. त्याखेरीज परकीय चलनाच्या व्यवहारावर ती टक्केवारीने अधिभार लावते. अनेक कार्डांवर हा अधिभार साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो. भारतीय बँकेच्या या शुल्कांवर १८ टक्के वस्तू आणि सेवा कर भरावा लागतो.

भारतीय पर्यटकांच्या पसंतीच्या थायलंडचे उदाहरण घेतल्यास हे गणित स्पष्ट होते. तेथील बहुतेक एटीएम परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० बाट किंवा त्याहून अधिक शुल्क घेतात. काढलेली रक्कम लहान असो वा मोठी, या शुल्कात फरक पडत नाही. हिशेबाच्या सोयीसाठी एक बाट म्हणजे अडीच रुपये, भारतीय बँकेचे शुल्क प्रत्येक वेळी १२५ रुपये आणि अधिभार साडेतीन टक्के असे धरू.

एखाद्या प्रवाशाने दोन हजार बाट काढले, तर शुल्कासह त्याच्या खात्यातून २,२२० बाट, म्हणजे ५,५५० रुपये जातात. त्यावरील अधिभार सुमारे १९४ रुपये, बँकेचे शुल्क १२५ रुपये आणि या दोहोंवरील कर सुमारे ५७ रुपये. एकूण सुमारे ५,९२७ रुपये मोजून पाच हजार रुपयांचे बाट हाती येतात. जादा खर्च झाला साडेअठरा टक्के. असे पाच वेळा केल्यास दहा हजार बाटसाठी जवळपास ४,६३४ रुपये अधिक जातात.

तेच दहा हजार बाट एकाच वेळी काढले, तर खात्यातून १०,२२० बाट, म्हणजे २५,५५० रुपये वजा होतात. अधिभार, शुल्क आणि कर मिळून सुमारे १,२०३ रुपये वाढतात. एकूण रक्कम सुमारे २६,७५३ रुपये होते. २५ हजार रुपयांच्या चलनासाठी १,७५३ रुपये, म्हणजे सात टक्के अधिक द्यावे लागले. काढलेली रक्कम दोन्ही वेळा सारखीच आहे, तरी केवळ खेपा कमी केल्याने सुमारे २,८८१ रुपये वाचले.

काही बँका परकीय चलनावरील अधिभार न लावणारी कार्डे देतात. अशा कार्डानेही स्थानिक यंत्राचे शुल्क टळत नाही. त्यामुळे कार्डाच्या जाहिरातीतील एका आकड्यावर न थांबता, हाती आलेल्या चलनासाठी एकंदर किती रुपये गेले, हे पाहणे अधिक योग्य ठरते.

‘रुपयांत द्यायचे का?’

परदेशातील अनेक एटीएमवर, तसेच दुकानांतील कार्डयंत्रावर, व्यवहार स्थानिक चलनात करायचा की रुपयांत, असा प्रश्न विचारला जातो. ओळखीच्या चलनातील आकडा पाहून प्रवासी सहजपणे रुपयांचा पर्याय निवडतो. परंतु अशा वेळी विनिमय दर यंत्र चालवणारी संस्था ठरवते आणि त्यात तिचा नफा मिसळलेला असतो. हा दर पाच टक्क्यांनी महाग असल्यास वरील १०,२२० बाटच्या व्यवहारात सुमारे १,२७८ रुपये अधिक जातात. शिवाय व्यवहार परदेशात झाला म्हणून काही भारतीय बँका आपले शुल्कही लावतात. यासाठी नेहमी स्थानिक चलनाचाच पर्याय निवडावा. रुपयांत रूपांतर नाकारल्याने व्यवहार रद्द होत नाही. तो कार्डाच्या नेहमीच्या दराने पूर्ण होतो.

कोणत्या कामासाठी कोणते साधन?

रोकड ही पहिल्या दिवसासाठी आणि लहान खर्चांसाठी उपयोगी असते. टॅक्सी, रस्त्यावरील खाद्यपदार्थ, छोटी दुकाने येथे कार्ड चालेलच असे नाही. उलट स्वीडनसारख्या देशात अनेक दुकाने रोकड स्वीकारतच नाहीत. त्यामुळे रोकडीचे प्रमाण देश पाहून ठरवावे. चलन खरेदी करताना बँक अथवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडेच जावे आणि पावती घ्यावी. विमानतळावरील खिडकीवर दर बहुधा महाग असतो. म्हणून शहरातील दोन-तीन ठिकाणी चौकशी करून काही दिवस आधीच खरेदी केलेली बरी. तुलना करताना कर आणि शुल्क धरून एकूण किती रुपये द्यावे लागतील, हेच विचारावे.

प्रीपेड फॉरेक्स कार्डात परकीय चलन आधी भरून ठेवता येते. ज्या दिवशी चलन भरले त्या दिवशीचा दर निश्चित होत असल्याने पुढे रुपया घसरला तरी फरक पडत नाही. हे कार्ड बचत खात्याशी जोडलेले नसते, त्यामुळे ते चोरीस गेले तरी नुकसान कार्डातील शिलकीपुरतेच राहते. मात्र ज्या चलनात कार्ड भरले, त्याच चलनात खर्च केल्यास ते फायद्याचे ठरते. डॉलर भरलेल्या कार्डाने बाट किंवा युरोत खर्च केल्यास पुन्हा रूपांतराचे शुल्क लागते. कार्ड घेण्याचे, पुन्हा भरण्याचे, एटीएमचे आणि उरलेली रक्कम काढून घेण्याचे शुल्क आधीच विचारून घ्यावे.

क्रेडिट कार्ड हॉटेल आणि भाड्याच्या मोटारीसाठी सोयीचे असते. तेथे अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवली जाते. डेबिट किंवा प्रीपेड कार्डावर अशी रक्कम अडवल्यास आपलाच खर्चाचा पैसा काही दिवस वापरता येत नाही. मात्र क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढणे शक्यतो टाळावे. त्यावर रोख रकमेचे वेगळे शुल्क लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते. अनेक कार्डांवर हा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांहून अधिक असतो.

भारताची यूपीआय सेवाही आता काही देशांत पोहोचली आहे. भूतानमध्ये ती जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरपासून फ्रान्समध्ये, तसेच श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये तिचा प्रारंभ झाला. ही सोय मोजक्या दुकानांपुरती असल्याने आणि त्यासाठी इंटरनेटची गरज असल्याने ती पूरक साधन म्हणूनच गृहीत धरावी.

नेपाळ आणि भूतानचा अपवाद

नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन दिले जात नाही. तेथे भारतीय रुपये नेता येतात. भारताच्या नियमानुसार शंभर रुपयांपर्यंतच्या नोटांना मर्यादा नाही, तर त्याहून मोठ्या नोटा एकूण २५ हजार रुपयांपर्यंत नेता येतात. नेपाळने मात्र डिसेंबर २०१८ मध्ये शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती आणि तेथील नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि शक्यतो शंभराच्या नोटा सोबत घ्याव्यात.

कार्ड बंद पडले किंवा हरवले तर

शुल्कामुळे पैसा कमी होतो. कार्ड बंद पडल्यास मात्र परक्या शहरात हात पूर्ण रिकामे होण्याची भीती असते. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवे कार्ड देताना त्यावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवलेले असतात. बँकेच्या अ‍ॅपवरून ते सुरू करावे लागतात. एटीएम, दुकान आणि ऑनलाइन खरेदी यांसाठी वेगवेगळी मर्यादाही ठरवता येते. बँकेचा सांकेतिक क्रमांक भारतातील मोबाइलवर येत असल्याने त्या क्रमांकाची रोमिंग सेवा सुरू असावी. ही दोन कामे विमानात बसण्यापूर्वी पूर्ण झाली पाहिजेत.

दोन वेगवेगळ्या बँकांची, शक्य झाल्यास वेगवेगळ्या जाळ्यांची कार्डे न्यावीत आणि ती एकाच पाकिटात ठेवू नयेत. बँकेचा परदेशातून लागणारा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, कारण मोबाइलही कार्डासोबतच चोरीस जाऊ शकतो. फॉरेक्स कार्डातील रक्कम संपल्यास घरच्या विश्वासू व्यक्तीला ते भरता येईल का, हेही आधी विचारून घ्यावे. भारतातील दुकानांतून चालणारी पैसे पाठवण्याची झटपट सेवा केवळ परदेशातून येणाऱ्या रकमांसाठी असते. त्या मार्गाने घरून पैसे मागवता येत नाहीत.

कार्ड हरवल्यास ते तत्काळ बंद करावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाचा वा बँकेचा दोष नसताना त्रयस्थाने केलेल्या गैरव्यवहाराची सूचना बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर भार पडत नाही. उशीर होत जाईल तशी जबाबदारी वाढते. त्यामुळे व्यवहारांचे संदेश रोज पाहण्याची सवय प्रवासातही ठेवावी.

परतल्यानंतर

उरलेले परकीय चलन परतल्यापासून १८० दिवसांत अधिकृत विक्रेत्याला परत करावे लागते. पुढील प्रवासासाठी दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा स्वतःजवळ ठेवता येतात. नाण्यांना मर्यादा नाही. भारतात येताना पाच हजार डॉलरहून अधिक किमतीच्या परकीय नोटा, किंवा धनादेशांसह एकूण दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम जवळ असल्यास सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे ती घोषित करणे बंधनकारक आहे. चलन विकत घेण्याचा आणि परत विकण्याचा दर वेगळा असल्याने जरुरीपेक्षा अधिक रोकड नेणेही तोट्याचे ठरते.

थोडक्यात, पहिल्या दोन दिवसांपुरती रोकड, नेहमीच्या खर्चासाठी योग्य चलनाचे फॉरेक्स कार्ड, अनामतीसाठी क्रेडिट कार्ड आणि अडचणीसाठी वेगळे ठेवलेले एक डेबिट कार्ड, अशी विभागणी बहुतेक प्रवाशांना पुरेशी ठरते. एटीएमकडे कमी वेळा जावे, एका वेळी गरजेची रक्कम काढावी आणि यंत्रावर स्थानिक चलनच निवडावे. शुल्काचे दर बँकेगणिक वेगळे असतात व बदलतही असतात. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्या बँकेचे ताजे दरपत्रक तपासून पाहावे.