गिअरबॉक्सलाही वारा हवा

मे महिन्यातली दुपार. सावंतवाडीहून आंबोलीचा घाट. गाडीत पाच माणसं, टपावर सामान आणि पुढे मालानं भरलेला ट्रक. आमचे शेजारी आपली ऑटोमॅटिक गाडी घेऊन असेच निघाले होते. इंजिनाच्या उष्णतेचा काटा जागेवर होता, पण गिअर बदलताना गाडी धक्के देऊ लागली. गॅरेजमध्ये पाहिलं, तर गिअरबॉक्सचं लाल तेल तपकिरी झालेलं आणि त्याला जळका वास!

असं का होतं? टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत इंजिनाला जोडलेला पंखा तेल ढकलतो आणि ते तेल गिअरबॉक्सकडचा पंखा फिरवतं. चढावर, कमी वेगात, दोन पंख्यांच्या गतीत फरक पडतो. तेल घुसळलं जातं आणि तापतं. हे तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला सुखात असतं. त्यापुढे दर ११ अंशांमागे त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे.

बऱ्याच गाड्यांत हे तेल रेडिएटरमधल्या नळीतून फिरून थंड होतं. पण तिथलं पाणीच नव्वदीच्या घरात! त्याहून थंड ते कसं करणार? म्हणून जास्तीचा कूलर बसवतात. हा छोटा, पत्र्यांच्या जाळीचा कूलर रेडिएटरच्या पुढे, वाऱ्याच्या तोंडावर असतो. रेडिएटरमधून निघालेलं तेल आधी यात येतं आणि मग गिअरबॉक्सकडे परततं. अमेरिकेत गाडीमागे ट्रेलर ओढणारे लोक हा कूलर हमखास लावतात. कडाक्याच्या थंडीत मात्र तेल फार गार होऊन घट्ट होतं. तिथे थर्मोस्टॅटची झडप हवी, म्हणजे तेल तापेपर्यंत कूलरला वळसा घालून जातं.

बसवताना काय जपायचं? नळी गिअरबॉक्सच्या तेलासाठीच बनवलेली हवी. साधी पाण्याची नळी चालत नाही. ती कुठे घासता कामा नये. नळी सुटली, तर तेल वाहून जाऊन गिअरबॉक्सच निकामी होतो. कूलरमध्येही तेल मावतं, म्हणून काम झाल्यावर कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीनं पातळी तपासून भर घालावी. गाडी वॉरंटीत असेल, तर आधी विचारून घ्यावं.

आणखी एक. २०१४ पासून आपल्याकडे रुळलेल्या एएमटी गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो, साधा क्लचच यंत्रानं दाबला जातो. त्यांना हा कूलर लागू नाही. आणि जळून गेलेले क्लच कूलरनं पुन्हा नवे होत नाहीत. तो आधी करायचा उपाय आहे.

शेजाऱ्यांनी तेल बदललं, कूलर बसवला. यंदाही ते घाटात थांबले. पण चहासाठी, गाडीसाठी नव्हे.