कमवा आणि शिका

बारावीनंतर अनेक घरांत एकच प्रश्न पुढे येतो. कॉलेजचा खर्च कसा भागवायचा? या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्यामुळे कित्येक हुशार मुले शिक्षण सोडून देतात. मुलींचे शिक्षण तर सर्वांत आधी थांबते. म्हणून हा खर्च भागवण्याचे मार्ग आपण समजून घेऊ.

पूर्वी महाराष्ट्रात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे त्यांचे जेवण ठरलेले असे. लोक दयाळू होते, पण विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या दयेवर अवलंबून राहावे लागे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वेगळी वाट दाखवली. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 'रयत' हा शब्द आपल्या उर्दूतही आहे. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने विकले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. तेथे विद्यार्थी शेतात राबत आणि त्या श्रमातून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवत. हीच 'कमवा आणि शिका' योजना होय. पुढे अमेरिकेतही १९६४ साली अशा विद्यार्थ्यांसाठी सरकारने कायदा केला.

आपल्या मराठवाड्यात कॉलेजे उशिरा आली. नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० साली सुरू झाले. त्याआधी पदवीसाठी अनेकांना हैदराबादला जावे लागे. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूर जिल्ह्यातील कॉलेजेही याच विद्यापीठात येतात. या विद्यापीठातही 'कमवा व शिका' योजना आहे. अशा योजनेत विद्यार्थी वर्ग सुटल्यावर काही तास ग्रंथालयात पुस्तके लावतो, कार्यालयात नोंदी करतो किंवा बागेत काम करतो. त्याला तासांप्रमाणे पैसे मिळतात. कामाचे तास मर्यादित असतात, कारण अभ्यास बुडता कामा नये.

दुसरा मार्ग शिष्यवृत्तीचा. उर्दूत आपण तिला वजीफा म्हणतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज यांच्या नावाने राज्य सरकारची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. त्यांचे अर्ज 'महाडीबीटी' या सरकारी संकेतस्थळावर भरतात. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या काही गटांतील मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले आहे. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावे लागते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि इतर मागासवर्ग हे त्यांपैकी दोन गट होत.

तिसरा मार्ग कर्जाचा. बँका शैक्षणिक कर्ज देतात. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही असे कर्ज देते. मात्र शिष्यवृत्ती परत करावी लागत नाही, कर्ज व्याजासह फेडावे लागते. म्हणून कर्जाचा विचार शेवटी करावा.

एक उदाहरण घेऊ. समजा, उदगीरचा एक मुलगा नांदेडला बी.एस्सी. करतो. खोली व मेस ४०,०००, फी १०,००० आणि पुस्तके व प्रवास ५,००० असा त्याचा वर्षाचा खर्च ५५,००० रुपये आहे. वडील महिन्याला २,५०० म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये पाठवतात. कामातून त्याला १५,००० आणि शिष्यवृत्तीतून ५,००० रुपये मिळतात. एकूण ५०,००० झाले. उरलेले ५,००० तो ग्रंथालयातील पुस्तके वापरून आणि खोलीत एक जोडीदार घेऊन वाचवू शकतो. पाहा, एकट्या मार्गाने जे जमले नसते, ते सर्व मार्ग मिळून जमले. पण शिष्यवृत्तीची रक्कम कधीकधी उशिरा येते. म्हणून पहिल्या काही महिन्यांची सोय आधीच करून ठेवावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उर्दूतील एकच नाव मराठीत आणि इंग्रजीत निरनिराळ्या प्रकारे लिहिले जाते. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरे, असे झाले तर अर्ज अडकतो. म्हणून दहावीतच सगळीकडे नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का, ते तपासा. बँक खाते आधारशी जोडून घ्या. तहसील कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासाचा दाखला वेळेवर काढा. अर्जाची शेवटची तारीख वहीत लिहून ठेवा.

मित्रांनो, फी माफी मागण्यात कमीपणा नाही, ती शासनाने दिलेली सवलत आहे. बागेत कुदळ चालवण्यातही कमीपणा नाही, ती आपली कमाई आहे. तेव्हा "पैसे नाहीत" म्हणून शिक्षण सोडण्यापूर्वी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन एकदा तरी विचारा, "माझ्यासाठी कोणती योजना आहे?"