फाटा फुटतो तेव्हा



मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. माझी शाळा दहावीला सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्यातल्या लेथवर व युनियनच्या कचेरीत झाले. तरीही आज संगणकाच्या एका विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण तो विषय मुळात संघटनेचा आहे. माणसे एकत्र येऊन काही उभारतात, मग त्यांच्यात मतभेद होतात आणि काही जण वेगळे निघतात. अशा वेळी उभारलेल्या गोष्टीचे काय होते, हा तो प्रश्न.

मी पंचविशीत असताना आमची युनियन फुटली. कोणाचे चुकले हे आता उगाळण्याचे कारण नाही. एका गटाने कचेरीच्या कपाटाला कुलूप घातले. सभासदांची नोंदवही, पावतीपुस्तके, जुन्या करारांच्या प्रती, सारे आत राहिले. आमच्याजवळ माणसे होती, पण कागद नव्हते. वर्षभर भांडण चालले आणि तेवढ्यात पगारवाढीच्या कराराची वेळ निघून गेली. नुकसान झाले ते दोन्ही गटांतल्या कामगारांचे.

आता अशी कल्पना करा की त्या कपाटातल्या प्रत्येक कागदाची हुबेहूब प्रत कोणालाही फुकट काढून घेता आली असती. मग कुलपाला काय किंमत राहिली असती? समाजमाध्यमांच्या जगात एके ठिकाणी हे खरोखर घडते.

ट्विटरसारखे माध्यम म्हणजे एका मालकाची जागा. तेथे बोलावयाचे ते मालकाच्या मर्जीने. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले, तेव्हा आपल्या देशातील पुष्कळ मंडळी रागावून मास्टोडॉन नावाच्या दुसऱ्या माध्यमाकडे गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले आणि जगभरातून तिकडे लोंढा लागला. महिन्यातून निदान एकदा मास्टोडॉन वापरणाऱ्यांची संख्या सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांपर्यंत गेली.

हे मास्टोडॉन जर्मनीतील युजेन रोचको या तरुणाने २०१६ साली लोकांपुढे आणले. त्याची रचना निराळी आहे. एक कंपनी, एक दरवाजा असे तेथे नाही. हजारो लहानमोठे सर्व्हर वेगवेगळ्या लोकांनी चालविलेले आहेत आणि अॅक्टिव्हिटीपब नावाच्या समाईक नियमाने ते एकमेकांशी निरोपांची देवघेव करतात. दुसरे म्हणजे, ज्या आज्ञावलीवर हे सारे चालते तिचा मूळ मसुदा, म्हणजे सोर्स कोड, सर्वांना खुला आहे. कोणीही त्याची प्रत घ्यावी, बदलावी, आपल्या नावाने चालवावी. अशा वेगळ्या काढलेल्या प्रतीला फोर्क म्हणतात. आपण त्याला फाटा म्हणू, कारण रस्त्याला फाटा फुटला तरी मूळ रस्ता नाहीसा होत नाही.

फाटे का फुटतात? एक उदाहरण सांगतो. आम्ही कारखान्याच्या दाराशी द्वारसभा घेतो, ती साऱ्या जगाने ऐकावी म्हणून. पण संपाचा निर्णय घ्यावयाची सभा बंद दाराआड, फक्त सभासदांची असते. आपल्याच सर्व्हरवरील मंडळींना दिसेल, बाहेर जाणार नाही, असा मजकूर लिहिण्याची सोय पुष्कळांना हवी होती. मूळ प्रकल्पाने ती घेतली नाही. तेव्हा ग्लिच नावाचा फाटा २०१७ साली निघाला आणि त्याने ती सोय केली. पुढे अमेरिकेतील डॅरियस काझेमी यांनी होमटाउन हा फाटा काढला, तो खास लहान, परस्परांना ओळखणाऱ्या मंडळींसाठी. यांपैकी कोणीही मूळ प्रकल्पाशी वैर धरले नाही. तिकडच्या दुरुस्त्या हे इकडे घेत राहतात. ग्लिच सांभाळणारी प्रमुख व्यक्ती तर मूळ मास्टोडॉनच्या कामातही हातभार लावीत आली आहे. आमच्या युनियनच्या फुटीत असे कोणी केले असते तर त्याला फितूर म्हटले असते!

पण या हक्काची दुसरी बाजूही आहे. तो सर्वांना आहे, म्हणजे आपल्याला न आवडणाऱ्यांनाही आहे. २०१९ साली द्वेषपूर्ण मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेल्या गॅब या संस्थेने मास्टोडॉनचीच प्रत घेऊन आपले दुकान थाटले. परवान्यानुसार त्यांना अडविता येत नव्हते. मात्र अनेक सर्व्हरचालकांनी त्यांच्याशी देवघेव तोडली. प्रत घेण्याचा हक्क आहे, शेजाऱ्याच्या घरात शिरण्याचा नाही. २०२१ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे माजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीने ट्रुथ सोशल हे माध्यम चाचणीला काढले. तेही मास्टोडॉनवरच बेतलेले, पण मूळ मसुदा मात्र दडवलेला. मास्टोडॉनचा परवाना सांगतो की, फुकट घेतलेल्या मसुद्यात तुम्ही बदल करून तो लोकांना वापरावयास दिलात, तर बदललेला मसुदाही त्यांना उघडा करून द्या. ऑक्टोबरमध्ये रीतसर पत्र गेले आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीला मसुदा प्रसिद्ध करावा लागला. लेखी कराराचे मोल आम्हां युनियनवाल्यांना वेगळे सांगावयास नको.

आता सर्वांत अवघड भाग. कागदाची प्रत निघते, कष्टाची निघत नाही. जपानमधील मिसकी या माध्यमाला २०२२ साली कॅल्की नावाचा फाटा फुटला. २०२३ मध्ये त्याने फायरफिश हे नाव घेतले आणि त्याचा बराच बोलबाला झाला. परंतु भार एकदोघांच्या खांद्यांवर होता. २०२४ च्या आरंभी काम दुसऱ्या हाती गेले आणि त्या वर्षाअखेर ते थांबले. ज्यांनी त्यावर आपले सर्व्हर उभे केले होते, त्यांना दुसरा आसरा शोधावा लागला. सुरक्षेतील भोक बुजविणे, मूळ प्रकल्पातील सुधारणा जुळवून घेणे, रात्री बंद पडलेला सर्व्हर उठविणे, शिवीगाळीच्या तक्रारी निवारणे, हे रोजचे काम आहे. युनियन काढताना हार घालावयास शंभर जण येतात, वर्गणीची पावती फाडावयास दोन उरतात. येथेही तसेच आहे.

वेगळे निघणाऱ्याला सगळे मिळते असेही नाही. मास्टोडॉनच्या एका सर्व्हरवरून दुसरीकडे जाताना तुमचे अनुयायी बरोबर नेता येतात, जुने लेखन मात्र जुन्या ठिकाणीच राहते.

मग फुटण्याच्या या हक्काचा उपयोग काय? माझ्या मते, संपाच्या हक्काचा जो उपयोग तोच. तो रोज वापरावयाचा नसतो, पण तो आहे एवढ्यानेच समोरचा माणूस बोलणी करताना भानावर राहतो. जानेवारी २०२५ मध्ये मास्टोडॉनची मालकी एका ना-नफा संस्थेकडे सोपविण्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रोचको प्रमुखपदावरून दूर झाले. स्वतः उभारलेली गोष्ट अशी हातावेगळी करणारे पुढारी मी माझ्या क्षेत्रात फार पाहिले नाहीत.

उद्या तुमच्या मंडळाने, वाचनालयाने वा संघटनेने अशा एखाद्या माध्यमात घर करावयाचे ठरविले, तर किल्ली कोणाकडे आहे हे अवश्य विचारा. पण तेवढ्यावर थांबू नका. रोज सकाळी कचेरी उघडणारा कोण, त्याच्या चहापाण्याची, पगाराची सोय कोणी केली आहे, हेही विचारा. आमच्या कपाटाचे कुलूप अखेर उघडले, तेव्हा आतल्या नोंदवहीत वर्षभर एकही नवे नाव चढलेले नव्हते. ती वही लिहिणारा माणूस कंटाळून केव्हाच गावी निघून गेला होता.