आजीच्या मांडीतलं बळ

मुलांनो, तुमची आजी जमिनीवरून उठताना काय करते? एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीला आणि तोंडाने "आई गं!" आपण म्हणतो, वय झालं. पण वय झालं म्हणजे अंगात नेमकं काय झालं?

हाडं हलवतात ती स्नायू. स्नायू म्हणजे बारीक तंतूंची जुडी. तिशी-चाळिशीनंतर हे तंतू हळूहळू बारीक होतात, काही तर नाहीसेच होतात. त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जापेशीही कमी होतात. त्यातून जास्त नुकसान होतं झटक्याने काम करणाऱ्या तंतूंचं. म्हणून ठेच लागली की तुम्ही पटकन सावरता, आजोबा मात्र पडतात. आणि त्या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडण्याची भीती! गंमत अशी, की स्नायूंच्या जागी चरबी साठते. वजनकाटा तेवढाच राहतो, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही.

१९८८ साली डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी याला नाव सुचवलं, सार्कोपेनिया. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस, 'पेनिया' म्हणजे उणीव.

मग यावर इलाज नाही का? आहे ना! अमेरिकेतल्या बोस्टन शहरात डॉ. मारिया फियाटारोन यांनी एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना पायांनी वजन उचलायला लावलं. सगळे ८६ ते ९६ वर्षांचे, बरं का! नऊ जणांनी आठ आठवडे नेटाने व्यायाम केला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. दोघांनी तर काठी सोडली. १९९० साली हे प्रसिद्ध झालं. पण व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत सुमारे तिसरा हिस्सा ताकद पुन्हा गेली.

व्यायामाला प्रथिनंही हवीत. दात नाहीत म्हणून आजी चहा-खारी आणि मऊ भातावर भागवते. तिच्या ताटात घट्ट वरण, दूध, चालत असेल तर अंडं पडतं का, बघा. आणि "तू बस, मी आणते" असं आपण मायेनेच म्हणतो, पण बसून राहिलेले पाय आणखीनच दुबळे होतात.

एक चाचणी घरी करता येईल. खुर्ची भिंतीला टेकवा, जवळ मोठं माणूस हवंच. हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठायचं-बसायचं. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये १२ सेकंदांची मर्यादा ठरवली. तेवढा किंवा जास्त वेळ लागला तर डॉक्टरांना दाखवायचं. गुडघे दुखत असतील, चक्कर येत असेल, तर आधीच विचारा. आणि हो, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या बाबांनाही उठवून बघा!